मटण निवडणारी माणसं

आमच्या घरात एक नियम होता. तांदूळ निवडायचे, डाळ निवडायची, मेथी निवडायची. मटण निवडायचं नाही. ते धुवायचं आणि फोडणीला टाकायचं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका रविवारी मटण धुताना मला त्यात पांढऱ्या कण्या सापडल्या. तांदळाच्या कणीएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. खडे काढतात तशा मी त्या काढून ताटलीत ओळीने मांडल्या आणि आत्याला विचारलं, "हे काय गं?" आत्याने ताटली उचलली आणि थेट परसात रिकामी केली. "बघायचं नाही, आणि विचारायचं तर मुळीच नाही. आपल्या घरातल्या बायका मटण रांधतात, निवडत नाहीत." मी म्हटलं, "का?" तर म्हणाली, "का म्हणजे?" झालं! वडीलधाऱ्यांचं सगळं शास्त्र या दोन शब्दांत आटोपतं.

गेली दोन वर्षं मी अशा माणसांत बसते, जी मटण निवडण्याखेरीज दुसरं काही करत नाहीत. भात कांडणाऱ्या बायकांच्या केसांत तूस बसतं, तसे तिथले किस्से माझ्या अंगाला चिकटलेत. कितीही झटकले तरी घरी आल्यावर पदरातून दोन-चार पडतातच. मैत्रिणी म्हणतात, लिही बाई एकदाचे. लिहिते.

* * *

आधी माणसं सांगते. माझा मामा ठाण्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. तोंडावर लोक डॉक्टरसाहेब म्हणतात, पाठ फिरली की ढोरडॉक्टर. दवाखान्याच्या मागे एक खोली आहे. तिथे पूर्वेच्या खिडकीशी टेबल, टेबलावर पितळी मायक्रोस्कोप. गाव त्याला दुर्बीण म्हणतं. "ढोरडॉक्टर दुर्बिणीतून म्हैस बघतो!" आता म्हैस बघायला दुर्बीण कशाला लागेल? पण समजावणार कोणाकोणाला.

मामा शोधत होता त्याच त्या पांढऱ्या कणीच्या आत काय आहे ते. कणी म्हणजे जनावराच्या मांसाच्या धाग्यात घर करून राहिलेल्या एका बारीक जिवाची पिशवी. म्हशीच्या नरड्यात या पिशव्या डोळ्यांनी दिसतात, बाकीच्या मांसात मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाहीत.

वडील गेले आणि माझं मुंबईचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. तेव्हा मामा काकांकडे आला. काका कचेरीत शिरस्तेदार, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मामा म्हणाला, "इंग्रजी रिपोर्ट लिहायला हिला पाठवा." काकांनी बराच विचार करून परवानगी दिली, एका अटीवर. "तिथे बसून लिहायचं. त्या यंत्राला डोळा लावायचा नाही. लावलास असं कळलं, त्या दिवशी दवाखाना बंद आणि लग्न पक्कं."

मी "हो" म्हटलं. कॉलेज सुटलेल्या मुलीला त्या वेळी कोणी विहिरीत बसून लिही म्हटलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं.

* * *

ही अट मी अकराव्या दिवशी मोडली.

मायक्रोस्कोपच्या खालच्या आरशावर ऊन घ्यावं लागतं, आणि ते खिडकीत फार वेळ थांबत नाही. मामा नळीला डोळा लावून सांगत होता, मी लिहीत होते. "पिशवीची भिंत जाड. भिंतीवर बारीक उभ्या रेघा, मखमलीच्या लवेसारख्या. आत पडदे, डाळिंबात असतात तसे. प्रत्येक कप्प्यात अंडाकृती दाणे ठासून भरलेले." एवढं सांगून तो चष्मा पुसायला उठला. चष्मा पुसताना मामा विचार करतो, आणि विचार करताना चष्मा पुसायचं विसरतो. इकडे ऊन आरशावरून सरकायला लागलेलं!

मी डोळा लावला.

आधी फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम सगळं उजळलं. मी स्क्रू जरा पुढे फिरवला, जरा मागे. दाणे कुशीवर वळल्यासारखे दिसले.

"मामा, हे अंडाकृती नाहीत. या करंज्या आहेत!"

"काय?"

"करंज्या. उताण्या पडल्यात त्या लंबगोल दिसतात. कुशीवर पडल्यात त्यांच्याकडे बघ. एक बाजू फुगीर, दुसरी आत वळलेली."

मामा बसला. ऊन जाईपर्यंत नळीवरून उठला नाही. मग त्याने कपाटातून दोन वर्षांच्या वह्या काढल्या, लाल पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे "अंडाकृती" लिहिलं होतं, तिथे तिथे एकेक शब्द खोडला. माझ्यासमोर! एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने आपलंच लिहिलेलं खोडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या घरात तर चुकीचं पंचांगसुद्धा जपून ठेवतात.

शेवटची वही मिटून तो म्हणाला, "फराळ करणारं माणूस आधीच बोलवायला हवं होतं!"

त्या दिवसापासून नळीत मी बघते आणि चित्रंही मीच काढते. काकांच्या लेखी मी फक्त लिहीत होते.

* * *

नरडी आणतात गफूरचाचा. कल्याणच्या कत्तलखान्यात त्यांची तिसरी पिढी. सकाळच्या गाडीने येतात. हातात पितळी डबा, डब्यात केळीच्या पानात गुंडाळलेलं म्हशीचं नरडं. डबा असा लखलखीत की वाटावं, कोणाकडे बासुंदी घेऊन निघालेत.

कल्याण पडलं तांदळाचं गाव, म्हणून चाचा कण्यांना तांदळाचीच नावं देतात. दारातूनच ओरडतात, "आज कोलंबा आहे, बेटी!" किंवा "आज जिरेसाळ, एकदम बारीक." काहीच दिसलं नाही तर "आज नुसता कोंडा."

एकदा मुंबईहून आरोग्यखात्याचे एक साहेब आले. त्यांनी नरड्यावरून भिंग फिरवलं आणि म्हणाले, स्वच्छ आहे. चाचा हात बांधून उभे होते. पुढे झाले, डोळे मिटले, नरड्यावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले. "साहब, इथे."

साहेबांनी तिथे पुन्हा भिंग धरलं. काही नाही. मामाने काप घेतला. आत राजगिऱ्याच्या दाण्याएवढी पिशवी!

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण माणूस दिलदार. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, "हे किती वर्षं शिकलास?"

चाचा म्हणाले, "पढा नहीं साहब. काटा."

* * *

त्यानंतरच्या रिपोर्टात घोटाळा झाला, तो माझ्यामुळे.

मामाने मजकूर सांगितला आणि मी सुवाच्य अक्षरात इंग्रजी प्रत केली. आकारानुसार पिशव्यांचे दोन प्रकार, कोलंबा आणि जिरेसाळ. विशेषनाम म्हणून मी दोन्हीची पहिली अक्षरं ऐटीत कॅपिटल काढली आणि मामाचं काम तपासणाऱ्या मुंबईच्या प्रोफेसरसाहेबांना रिपोर्ट रवाना केला.

आठवड्याने उत्तर आलं. रिपोर्ट उत्तम आहे, चित्रं ज्याने काढली त्याची नजर विलक्षण आहे. (हे वाक्य मामाने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.) पण खाली एक पृच्छा होती. "कोलंबा आणि जिरेसाळ या दोन विद्वानांचे निबंध माझ्या वाचनात नाहीत. पैकी पहिले गृहस्थ इटालियन असावेत. त्यांचे लेखन कुठे मिळेल?"

मी तोंडात पदर कोंबला. मामाने मात्र गंभीरपणे एक कापडी पिशवी मागवली, तीत दोन शेर कोलंबा भरला, तोंड शिवलं आणि पार्सल केलं. सोबत चिठ्ठी: "पहिल्या गृहस्थांचे समग्र लेखन."

प्रोफेसरसाहेबांचं उलट टपाली उत्तर आलं. "श्री. कोलंबा यांचा सखोल अभ्यास केला. पापलेटाबरोबर त्यांची मते विशेष पटली. श्री. जिरेसाळ यांचेही लेखन धाडावे!"

* * *

मांसाचा पातळ काप घ्यायचा तर वस्तऱ्याने घ्यावा लागतो, आणि घेताना तुकडा हलू नये म्हणून तो कशात तरी मऊ पण घट्ट धरावा लागतो. पुस्तकात ज्या विलायती झाडाचा गाभा सांगितलाय, ते झाड आपल्याकडे कुठलं? मामा तळ्याकाठी एका बाशिंगवाल्यापाशी थांबला. बाशिंगं भेंडाची करतात. भेंड पांढरं, हलकं, लोण्यासारखं कापलं जाणारं. मामाने जुडीच्या जुडी उचलली. ऐन भाद्रपदात!

जुडी दवाखान्यात पोहोचायच्या आधी बातमी आत्यापाशी पोहोचली. हिच्या मामाने बाशिंगाचं भेंड घेतलं, म्हणजे मुलगा ठरला, आणि आम्हाला पत्ता नाही! आत्या तशीच दवाखान्यात आली. मी लिहीत होते. मामा भेंडात धरलेल्या तुकड्यावर वस्तरा टेकवून बसला होता. अशा वेळी घराला आग लागली असं सांगितलं, तरी तो "हं" म्हणतो.

"कुठला?" आत्याने दारातूनच विचारलं.

"कल्याणचा," मामा म्हणाला.

"बरा आहे ना?"

"उत्तम. असा शंभरात एखादा मिळतो."

आत्या पाघळली. "करतो काय?"

मामाने मान वर केली. "करणार काय आता? काल सकाळीच कापला!"

आत्या त्यानंतर दवाखान्यात कधी आली नाही.

* * *

हा किस्सा छोटा आहे, पण मला फार आवडतो.

चाचांनी इतकी वर्षं नरडी आणली, पण नळीत कधी बघितलं नव्हतं. "आपलं काम अंगठ्याचं," म्हणायचे. एकदा मी हट्ट धरला. त्यांनी हात धुतले, दाढीवरून हात फिरवला, एक डोळा मिटला आणि वाकले. बराच वेळ तसेच वाकलेले. मला वाटलं, काही दिसत नसेल.

उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "आम्ही समजत होतो, सुरी चालली की गोष्ट खतम. बेटी, इथून तर चालू होते!"

* * *

डोंबिवलीला नुकतंच स्टेशन झालंय. त्याच्या पलीकडच्या गावातून एक आगरी बाई आली. नाव बाया. लुगड्याच्या गाठीत काहीतरी बांधलेलं. गाठ सोडून तिने मामाच्या टेबलावर पाच-सहा कण्या ठेवल्या.

"ह्ये बघ डागतर. माजी म्हस पाच म्हयनं झुरली नि काल मेली. फाडली तं नरड्यात ह्ये तांदूळ. मंतरलेलं हायेत. जावेनं चारलं."

मामाने समजूत घातली नाही, की अडाणी म्हणून हसलाही नाही. म्हणाला, "तांदूळ असतील तर शिजतील. शिजवून बघू." स्पिरिटच्या दिव्यावर कणी उकळली. भात होईना. बाया बघत राहिली. मग मामाने दुसरी कणी चिरून काचेवर घेतली आणि मला म्हणाला, "हिला दाखव."

मी तिला डोळा कुठे लावायचा ते दाखवलं, दुसरा डोळा हाताने झाकून धरला. ती म्हणाली, "माज्याच पापन्या दिसतान गो." म्हटलं, "थांब, सगळ्यांना आधी त्याच दिसतात." आणि मग तिला दिसलं. "अगो बाय! ह्ये तं भरलंय सगलं!"

"हा एक जीव आहे," मामा म्हणाला. "कुठल्याही म्हशीत असतो, चांगल्या धडधाकट म्हशीतही. हा कोणी चारत नाही."

"मंग माजी म्हस कशानं मेली?"

"माहीत नाही."

"म्हंजे जावेनं नाय केलं?"

"नाही."

बाया खाली बसली. "मंग मी पाच म्हयनं तिच्याशी बोलले नाय, त्याचा काय?"

मामा म्हणाला, "त्यावर माझ्याकडे औषध नाही. तुझ्याकडे आहे."

दुसऱ्या आठवड्यात दोघी जावा आल्या. पाटीत वालाच्या शेंगा, माझ्यासाठी. आणि जाताना ठाण्याच्या अख्ख्या बाजारात सांगत गेल्या, "डागतरची भाची लय हुशार! नळीत बघते नि सगलं सांगते!"

* * *

बाजारातून ते कचेरीत गेलं, आणि कचेरीतून काका दवाखान्यात आले.

मी नुकतीच नळीवरून उठले होते. नळीचं तोंड पितळी, घट्ट डोळा लावला की भोवती गोल वळ उठतो. काकांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"डोळ्याला काय झालं?"

मी काही बोलायच्या आत चाचा म्हणाले, "मच्छर काटा, साहब."

"एवढा गोल?"

"सरकारी दवाखान्यातला मच्छर आहे, साहब. सगळं मापात करतो."

मामाला खोकल्याची उबळ आली. काका हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची वही ओढली आणि पानं चाळली. प्रत्येक पिशवीसाठी एक ओळ: जनावर कोणतं, पिशवी किती लांब, भिंत कशी. आणि शेवटचा रकाना, "हा जीव जनावरात येतो कुठून?" त्याखाली पानोपानी एकच उत्तर: माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही.

"एवढी वर्षं डोळे फोडून हेच?" काका म्हणाले.

मामा शांतपणे म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी हा रकानाच नव्हता!"

काकांनी वही मिटली. जाताना ते माझ्याशी बोलले, मामाशी नाही. "पनवेलची माणसं रविवारी येताहेत. मुलगा मुंबईला डॉक्टरकी शिकतोय, असं स्थळ पुन्हा येणार नाही. बाजारातलं त्यांच्याही कानावर गेलंय. ते विचारतील. आपलं उत्तर एकच: तू फक्त लिहितेस."

काका गेल्यावर चाचा डबा पुसत बसले. एरवी एका कणीचंसुद्धा खोटं न सांगणारा माणूस माझ्यासाठी मच्छर घेऊन उभा राहिला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

* * *

रविवारी पनवेलची माणसं आली. मुलाचे वडील, निवृत्त मामलेदार, आणि मुलाचे चुलते. पाट मांडले, ताटं वाढली. काका, दोघे पाहुणे आणि मामा अशी पंगत. आत्या दाराशी उभी. वाढायला मी.

मामलेदारांनी मटणाची तारीफ केली. कोंबडीवड्यांची केली. मग बोटं वाटीत ठेवून म्हणाले, "आम्ही जुन्या वळणाचे नाही. मुलगी शिकलेली आहे, याचा आनंदच आहे. फक्त एक ऐकलं, ते खोटंच असणार. मुलगी म्हणे कापलेल्या ढोरांचं मांस यंत्रातून बघते."

"छे, छे!" काका म्हणाले. "लिहिते. हस्ताक्षर मोत्यासारखं आहे."

"मग प्रश्नच मिटला. तिने आपल्या तोंडाने सांगावं, की कधी बघितलं नाही आणि पुढेही बघणार नाही. आम्ही आत्ता साखर वाटतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्याने दारातून मान हलवून खुणावलं, म्हण गं. मामा ताटाकडे बघत होता. माझ्या जागी तो बोलला नाही, याबद्दल मी त्याला जन्मभर मानेन.

मी विचारलं, "आपले चिरंजीव कॉलेजात काय बघतात?"

चुलत्यांना ठसका लागला. मामलेदार म्हणाले, "त्याची गोष्ट वेगळी. तो पुरुष आहे."

"मायक्रोस्कोपला ते कळत नाही. त्याला फक्त डोळा लागतो."

"उत्तर दे," काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता. शिरस्तेदार आवाज चढवत नाहीत. "तू यंत्रात कधी बघितलं नाहीस. म्हण."

हातातलं मटणाचं पातेलं जड झालं होतं. ते मी खाली ठेवलं.

"बघितलंय. दोन वर्षं रोज बघतेय. रिपोर्टातलं एकूण एक चित्र माझं आहे. उद्या सकाळच्या गाडीने नवीन नरडं येणार आहे, तेही मी बघणार आहे. बघणार नाही, असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही नाही आणि यांनाही नाही."

मामलेदारांच्या बोटांत मटणाचा तुकडा होता. त्यांनी तो हळूच उजेडाकडे वळवला आणि खालून-वरून बघायला लागले. चुलते बघायला लागले. मग काकाही आपल्या ताटाकडे बघायला लागले.

मी पातेलं पुन्हा उचललं.

"आणखी वाढू?"

तिघांचेही हात ताटावर आडवे झाले.